उगारलेला हात

स्मरणिका समितीतल्या मित्राचा फोन आला तेव्हा त्याने बजावून सांगितले, "आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू आयुष्यभर इतिहास शिकवलास, तर इतिहासावर लिही. पण आम्हाला झोप येईल असे लिहू नकोस." दोन्ही अटी सांभाळायच्या म्हणून मी माझ्या आवडत्या रोमन इतिहासाकडे वळलो आणि लिहायला बसल्यावर समोर आली ती आपल्या शाळेचीच एक दुपार.

आठवीत असताना माझ्या हातून प्रयोगशाळेच्या खिडकीची काच फुटली. मी गप्प बसलो आणि माझ्याऐवजी दुसऱ्या मुलाने छड्या खाल्ल्या. चार दिवसांनी खरा प्रकार आपल्या वर्गशिक्षकांना कळला. त्यांनी मला पुढे बोलावले, हात पुढे करायला सांगितला आणि छडी उगारली. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मी डोळे मिटले. पण छडी बसलीच नाही. डोळे उघडले तर छडी टेबलावर होती आणि सर व्हरांड्यातल्या माठापाशी उभे राहून पाणी पीत होते. परत येऊन ते एवढेच म्हणाले, "उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी मला संपूर्ण वर्गासमोर त्या मुलाची माफी मागावी लागली आणि काचेचे पैसे घरून आणून भरावे लागले. शिक्षा झाली, चांगलीच झाली. पण उगारलेला हात आणि खाली आलेला हात यांच्यामध्ये सरांच्या मनात काय झाले असेल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये हाच प्रश्न एका कवीने आपल्या महाकाव्याच्या अगदी शेवटी ठेवला आणि उत्तर न देता लेखणी खाली ठेवली. कवी व्हर्जिल, काव्य 'ईनिड'. मला लॅटिन येत नाही. मी हे काव्य इंग्रजी भाषांतरांतून वाचले, हे आधीच कबूल करतो.

'ईनिड' हे शाळेचेच पुस्तक होते. व्हर्जिलच्याच काळात सिसिलियस एपिरोटा नावाच्या शिक्षकाने त्याच्या कविता वर्गात शिकवायला सुरुवात केली, अशी नोंद आहे. पुढे कित्येक शतके लॅटिन शिकणारा प्रत्येक मुलगा या काव्यावरून गेला. पाँपेई शहराच्या भिंतींवर 'ईनिड'चे सुरुवातीचे शब्द खरडलेले सापडले आहेत. आपण बाकांवर कर्कटकाने जे करत होतो तेच ते! छडीही होतीच. व्हर्जिलचा मित्र होरेस याने आपल्या ऑर्बिलियस नावाच्या मास्तरांना 'मारकुटे' हे विशेषण देऊन अमर करून ठेवले आहे. संत ऑगस्टीन चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत शिकला. 'आज शाळेत मार बसू नये' म्हणून आपण लहानपणी देवाची करुणा भाकत होतो, असे त्याने लिहिले आहे. याच आत्मकथनात, 'ईनिड'मधल्या डायडो राणीच्या मरणासाठी आपण कसे रडलो, हेही तो सांगतो. छडीची भीती आणि कवितेतले दुःख, दोन्ही एकाच शाळेत.

व्हर्जिलचा जन्म ख्रिस्तपूर्व ७० मधला, उत्तर इटलीतल्या मँटुआजवळचा. तो वीस वर्षांचा असताना सीझरने रूबिकॉन नदी ओलांडली आणि यादवी युद्ध पेटले. पुढची जवळजवळ वीस वर्षे रोमन माणसे रोमन माणसांना मारत होती. सीझरचा खून, त्या खुनाचा सूड, सूड घेणाऱ्यांची आपसातली भांडणे, आणि जिंकलेल्या सैनिकांना वाटण्यासाठी शेतकऱ्यांच्या हिसकावलेल्या जमिनी. यातल्या जमिनी व्हर्जिलच्या मुलखातल्याही होत्या. ख्रिस्तपूर्व ३१ मध्ये ऑक्टियमची लढाई झाली, सीझरचा दत्तक मुलगा एकटा उरला आणि लवकरच ऑगस्टस झाला. रागाने देशाचे काय होते हे व्हर्जिलला कोणी शिकवायची गरज नव्हती.

होमरच्या 'इलियड'चा पहिलाच शब्द 'क्रोध' हा आहे. व्हर्जिलने तो धागा उचलला. त्याचा नायक ईनिअस हा जळालेल्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघालेला निर्वासित. त्याच्या वंशातून पुढे रोम उभे राहायचे आहे. पण ज्यूनो देवीचा ट्रॉयवर जुना राग आहे. 'देवांच्या मनातसुद्धा एवढा राग असतो का?' असे कवी आरंभीच विचारतो. पहिल्या सर्गातच ज्युपिटर भविष्य सांगतो की, एक दिवस युद्धाची दारे बंद होतील आणि त्यांच्या आत उन्माद हात मागे बांधून, साखळदंडांत जखडून ठेवला जाईल. वाचकाला वाटते, या काव्याच्या शेवटी ही साखळी दिसणार.

प्रत्यक्षात शेवट असा आहे. इटलीत पोहोचलेल्या ईनिअसचे स्थानिक राजपुत्र टर्नसशी युद्ध जुंपते. इव्हँडर नावाच्या वृद्ध राजाने आपला कोवळा मुलगा पॅलस ईनिअसच्या हवाली केलेला असतो. टर्नस त्याला युद्धात मारतो आणि त्याचा तलवारीचा पट्टा लूट म्हणून स्वतःच्या अंगावर मिरवतो. बाराव्या सर्गात टर्नस आणि ईनिअस यांचे द्वंद्व होते. भाला मांडीत घुसून टर्नस गुडघ्यावर येतो आणि हात पसरतो. माझ्या वाट्याला आले ते मी ओढवून घेतले, असे तो मान्य करतो. माझ्या म्हाताऱ्या बापाची दया कर, तुलाही असाच बाप होता, मला किंवा माझे प्रेत तरी माझ्या माणसांना दे, द्वेष यापुढे नको, असे विनवतो. ईनिअस तलवार उगारून उभा असतो. त्याची नजर फिरते, हात आवरतो. शब्द हळूहळू मनावर उतरू लागतात. आता तो सोडणार, असे वाटते.

तेवढ्यात टर्नसच्या खांद्यावर त्याला तो पट्टा दिसतो.

दुःखाची आठवण उसळते. तो रागाने पेटतो, हा वार पॅलसचा आहे असे म्हणतो आणि तलवार छातीत खुपसतो. टर्नसचे अंग गार पडते, जीव कण्हत अंधाराकडे जातो आणि काव्य संपते. विजय नाही, लग्न नाही, अंत्यविधी नाही. 'इलियड' रागाने सुरू होते आणि शेवटी अकिलीस शत्रूच्या म्हाताऱ्या बापाबरोबर रडतो, प्रेत परत देतो. 'ईनिड' मात्र रागातच थांबते. जाणकार दाखवून देतात की, ईनिअस पेटला हे सांगताना कवीने जो शब्द वापरला आहे, तो पहिल्या सर्गातल्या साखळीत बांधायच्या उन्मादाच्याच कुळातला आहे. साखळी घालणाऱ्याच्याच अंगात तो शिरला.

ईनिअस बरोबर होता का? त्या काळचा सुशिक्षित रोमन वाचक हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या भाषेत विचारत असे, कारण राग हा ग्रीक तत्त्वज्ञांच्या वादाचा आवडता विषय होता. तीन घराण्यांची तीन मते होती.

पहिले अॅरिस्टॉटलचे. त्याच्या मते राग म्हणजे आपली किंवा आपल्या माणसांची अन्याय्य अवहेलना झाल्याने होणारे दुःख आणि त्यातून येणारी परतफेडीची इच्छा. राग मुळात वाईट नाही. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य तेवढाच आला पाहिजे. जिथे रागावायला हवे तिथेही जो रागावत नाही, तो अॅरिस्टॉटलला मूर्ख वाटतो. आपल्या माणसाचा अपमान मुकाट्याने सोसणे हे त्याला गुलामीचे लक्षण वाटते. या मापाने ईनिअसची बाजू भक्कम आहे. मुलगा त्याच्या भरवशावर आलेला, बापाला शब्द दिलेला, आणि मारणारा अंगावर लूट मिरवतो आहे. अशा वेळी राग आला नसता तरच नवल. विसाव्या शतकातले अभ्यासक कार्ल गॅलिन्स्की यांनी ईनिअसची वकिली मुख्यतः याच वाटेने केली.

दुसरे मत स्टोइकांचे. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास झीनो अथेन्समधल्या एका चित्रांकित ओसरीत शिकवत असे. ओसरीला ग्रीकमध्ये 'स्टोआ' म्हणतात, म्हणून हे स्टोइक. त्यांच्या मते राग हा चुकीचा निर्णय असतो. 'माझे काहीतरी मोलाचे गेले आणि आता सूड घेणेच योग्य' या विचाराला मन होकार देते, त्या होकाराचे नाव राग. क्रिसिपसने यासाठी फार सोपा दाखला दिला आहे. चालणारा माणूस हवे तेव्हा थांबू शकतो, धावणारा थांबायचे ठरवूनही पुढे फेकला जातो. म्हणून 'थोडासाच राग' ही अॅरिस्टॉटलची कल्पना त्यांना भाबडी वाटे. सिसेरोने ख्रिस्तपूर्व ४५ मध्ये, मुलगी टुलिया गेली त्याच वर्षी, दुःख आणि राग यांवरचा हा सगळा वाद लॅटिनमध्ये मांडला. तो व्हर्जिलच्या पिढीच्या हाताशी होता.

व्हर्जिलनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने सेनेकाने रागावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने रागाच्या पायऱ्या केल्या. पहिला झटका आपल्या हातात नसतो. रक्त उसळणे, चेहरा लाल होणे, हा अजून राग नव्हे. दुसरी पायरी होकाराची. तिथे अजून मागे फिरता येते. तिसऱ्या पायरीवर माणूस कड्यावरून सुटलेला असतो. त्यावरचा सर्वांत मोठा उपाय सेनेकाने सांगितला तो म्हणजे उशीर. त्याने प्लेटोची एक गोष्ट सांगितली आहे. प्लेटो गुलामाला फटके मारायला निघाला, हात उगारला आणि आपण रागावलो आहोत हे त्याच्या ध्यानात आले. तो हात तसाच हवेत धरून उभा राहिला. मित्राने विचारले, काय चालले आहे? तर म्हणाला, एका रागावलेल्या माणसाला शिक्षा करतो आहे. पहिल्यांदा ही गोष्ट वाचली तेव्हा मला माठाजवळ उभे असलेले आपले सर दिसले.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यायला हवी. स्टोइक शिक्षेच्या विरोधात नव्हते. शिक्षा न्यायाधीशासारखी, शांतपणे द्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे. दयेने विरघळणे हासुद्धा त्यांना मनाचा विकारच वाटे. म्हणजे त्यांच्या हिशेबाने टर्नसला मृत्यूही देता आला असता. फक्त तो तलवारीचा हात थरथरता कामा नये.

तिसरे मत एपिक्युरसच्या अनुयायांचे, आणि व्हर्जिलच्या ते घराजवळचे. तरुणपणी तो नेपल्सजवळ सायरो नावाच्या एपिक्युरियन गुरूकडे शिकला. त्याच भागात फिलोडेमस हा विद्वान राहत होता. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि हर्क्युलेनियममधल्या एका मोठ्या बंगल्यातले ग्रंथालय गाडले गेले. अठराव्या शतकाच्या मध्यावर उत्खननात तिथल्या कोळसा झालेल्या पपायरसच्या गुंडाळ्या हाती आल्या. त्यांत फिलोडेमसचा 'क्रोधाविषयी' हा ग्रंथ होता. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुकड्यात तर त्याने ज्या मित्रांना उद्देशून लिहिले, त्यांत व्हर्जिलचे नाव स्पष्ट वाचता आले. कवीचा आणि या विचाराचा संबंध राखेतून असा वर आला.

फिलोडेमस रागाचे दोन प्रकार करतो. एक स्वाभाविक आणि एक पोकळ. कोणी जाणूनबुजून आपले खरे नुकसान केले तर शहाण्यालाही राग येईल. पण तो थोडा वेळ टिकेल, आणि त्यात शिक्षा करावी लागली तर ती कडू औषध पिण्यासारखी किंवा अंगावर शस्त्रक्रिया करून घेण्यासारखी वाटेल. टळत नाही म्हणून करायची, आवडते म्हणून नव्हे. पोकळ रागाची खूण उलटी आहे. त्यात शिक्षा करायला गोड लागते.

या तिन्ही मापांनी ईनिअसला मोजत गेलो की एक गोष्ट समजते. टर्नसला मारावे की नाही यावर तत्त्वज्ञांचे खरे भांडण नाहीच. मारणाऱ्याच्या मनाची अवस्था काय होती, यावर भांडण आहे. आणि व्हर्जिलने तीच अवस्था अशी रंगवली आहे की तिन्ही घराण्यांना आपापला पुरावा सापडावा. अॅरिस्टॉटलवाल्याला योग्य कारण दिसते. स्टोइकाला दिसते की थांबलेला हात म्हणजे मागे फिरायची जागा होती, ती ईनिअसला मिळाली आणि त्याने घालवली. एपिक्युरियन विचारतो, त्या क्षणी त्याला कडू लागले की गोड? कवी ते सांगत नाही. तो एवढेच सांगतो की तो राग दुःखातून आला, आणि ते दुःख एका मुलावरच्या मायेतून. हे सांगितल्यावर निकाल देणे अधिकच अवघड होते.

ऑगस्टसच्या रोमला हा प्रश्न झोंबणारा होता. ख्रिस्तपूर्व २७ मध्ये सिनेटने त्याला सोन्याची ढाल अर्पण केली. तिच्यावर शौर्य, क्षमा, न्याय आणि कर्तव्यनिष्ठा हे चार गुण कोरले होते. पण याच ऑगस्टसने फिलिपीच्या लढाईत बापाच्या खुनाचा सूड घेताना 'सूड घेणाऱ्या मार्स'चे देऊळ बांधायचा नवस केला होता, आणि पुढे ते बांधलेही. क्षमा हा गुण आणि बापासाठी घेतलेला सूड हीही कर्तव्यनिष्ठाच. दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर. ईनिअसलाही पाताळात बापाच्या आत्म्याने शिकवले होते की शरण आलेल्याला सोडावे आणि उन्मत्ताला लोळवावे. गुडघ्यावर बसलेला, अंगावर लुटीचा पट्टा घातलेला टर्नस यांतला नक्की कोण?

वाचकांनीही आपापले निकाल दिले. चौथ्या शतकाच्या अखेरीचा टीकाकार सर्व्हियस म्हणतो, थांबला हेही त्याला शोभले आणि मारले हेही शोभले. त्याच्याआधीचा ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियस संतापून विचारतो की, हात पसरलेल्याला मारणारा हा कसला सज्जन? पंधराव्या शतकात इटलीतल्या मॅफेओ व्हेजिओला हा शेवट सहनच झाला नाही. त्याने स्वतः तेरावा सर्ग लिहून अंत्यविधी, लग्न, सगळे यथासांग पार पाडले. खुद्द व्हर्जिल ख्रिस्तपूर्व १९ मध्ये वारला तेव्हा काव्यावर शेवटचा हात फिरायचा राहिला होता आणि ते जाळून टाकावे अशी त्याची इच्छा होती. ऑगस्टसने ते प्रसिद्ध करवले.

पुढच्या कवींनाही या शेवटाने सोडले नाही. सेनेकाचा पुतण्या ल्यूकन याने सीझर-पाँपे यादवीवर महाकाव्य रचले. काका रागाविरुद्ध लिहिणारा, पण पुतण्याच्या काव्याचा निवेदकच रागाने धुमसतो. नीरोविरुद्धच्या कटात सापडून इसवी सन ६५ मध्ये दोघांनाही मरावे लागले. ल्यूकन तेव्हा अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्यानंतर सुमारे सत्तावीस वर्षांनी स्टेशियसने 'थीबेड' हे काव्य पूर्ण केले. त्यात दोन सख्खे भाऊ एकमेकांना मारतात. पण बाराव्या सर्गात तो आपल्याला अथेन्समधल्या एका वेदीपाशी नेतो. ती वेदी क्षमेची. तिथे मूर्ती नाही, रक्ताचा बळी चालत नाही. फक्त अश्रू चालतात. व्हर्जिलच्या शेवटच्या दृश्यात ज्या जागेची उणीव होती, ती जणू याने बांधून दिली. तरीही प्रेतांना अग्नी मिळण्यासाठी आणखी एक लढाई करावीच लागते, हेही त्याने लपवले नाही.

आता राहिलेले सांगतो. नोकरीच्या सहाव्या वर्षी, माझ्या वर्गातल्या एका दांडग्या मुलाने तोतऱ्या बोलणाऱ्या एका लहानखुऱ्या मुलाला छळले. मी त्याला स्टाफरूमबाहेर उभे केले. तो रडला, 'सर, परत नाही करणार' म्हणाला. मी त्याला सोडणारच होतो. तेवढ्यात त्याच्या शर्टाच्या खिशातून त्या लहान मुलाच्या चष्म्याची मोडकी काडी डोकावताना दिसली. माझा हात केव्हा सुटला ते मला कळले नाही. त्याच्या कानावर बसलेला तो आवाज मला आजही ऐकू येतो. मुख्याध्यापकांनी, पालकांनी, कोणीच मला दोष दिला नाही. उलट 'बरे केलेत' म्हणाले. मुलगा मात्र त्यानंतर वर्षभर माझ्या तासाला मान वर करून बसला नाही. वर्ष संपल्यावर तो दुसऱ्या शाळेत गेला. मला त्याची माफी मागायची राहून गेली.

कारण योग्य होते. अॅरिस्टॉटलने मला सोडले असते. पण फिलोडेमसचा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा खोटे बोलता आले नाही. त्या क्षणी मला गोड लागले होते. म्हणून व्हर्जिलचा तो शेवट मी पुन्हा पुन्हा वाचतो. 'ईनिअस चुकला' असे म्हणणाऱ्यांत मी सामील होत नाही आणि 'बरे केले' म्हणणाऱ्यांतही नाही. एवढेच म्हणतो की पट्टा दिसायच्या आधीचा तो क्षण, हात हवेत असतानाचा, फार मोलाचा असतो. तत्त्वज्ञान जे काही करू शकते ते तेवढ्याच वेळात.

मेळाव्याला आपले वर्गशिक्षक येणार आहेत, असे समितीकडून कळले. वय झाले आहे, पण प्रकृती ठणठणीत आहे म्हणे. ज्याने माझ्याऐवजी छड्या खाल्ल्या तो मित्रही येणार आहे. त्याची माफी एकदा मागून झाली आहे, पण ती शिक्षा म्हणून होती. या वेळी आपणहून मागेन. आणि सरांना नमस्कार करून विचारणार आहे की, सर, त्या दिवशी माठातले पाणी पिताना तुमच्या मनात काय चालले होते? ते कदाचित हसून म्हणतील, "अरे, तहान लागली होती." तसे म्हणाले तरी मी ते उत्तर वहीत लिहून ठेवीन.